जायकवाडीच्या विसर्गाची खबर एकाच ठिकाणी

जायकवाडीतून पाणी सोडलं का, लातूरला सोयाबीन काय भावानं गेलं, हे बघायला दिवसभर ॲप चाळत बसू नका. फीडली किंवा इनोरीडर हे फीड, म्हणजे साइटवरच्या नव्या मजकुराची आपोआप येणारी यादी, वाचायचं ॲप घ्या. दिलेल्या शब्दांवर नवं काही आलं की कळवणाऱ्या गूगल अलर्ट्समध्ये ‘जायकवाडी विसर्ग’ टाका आणि ईमेलऐवजी आरएसएस फीड निवडा. मिळालेली लिंक ॲपमध्ये चिकटवा. नुसतं ‘पैठण’ टाकू नका, नाथषष्ठीपासून सगळंच येऊन पडतं! तोच शोध इंग्रजी स्पेलिंगनंही वेगळा लावा. यूट्यूब चॅनेलचा पत्ता फीडच्या ॲपमध्ये तसाच टाकला तरी चालतो. मॅस्टोडॉन या एक्ससारख्या समाजमाध्यमावर खात्याच्या किंवा हॅशटॅगच्या पत्त्याला शेवटी ‘डॉट आरएसएस’ (.rss) जोडा. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स मात्र स्वतःहून फीड देत नाहीत.