एलएम३१७चा पॉवर सप्लाय बनवताना या चुका टाळा

एलएम३१७ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी तीन पिनांची आयसी, एक रेझिस्टर, एक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज आणि एक मोठा कॅपॅसिटर. एवढ्या सामानात १.२५ व्होल्टपासून वर हवं ते व्होल्टेज देणारा सप्लाय तयार होतो. बहुतेक वेळा तो पहिल्याच प्रयत्नात चालतोही. मीटर लावून पॉट फिरवला की आकडे सुरळीत वरखाली होतात. अडचण येते ती मोटर, रिले किंवा ॲम्प्लिफायर जोडल्यावर. व्होल्टेज बसतं, स्पीकरमधून घरघर येते, मायक्रोकंट्रोलर मध्येच रिसेट होतो आणि सगळा दोष आयसीवर जातो. आयसी बदलूनही फरक पडत नाही, कारण चूक सहसा आयसीच्या आधी किंवा आजूबाजूला असते. म्हणून माझा आग्रह आहे की या सप्लायचं कुठलंही माप लोड, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी, लावूनच घ्या. ५ व्होल्टच्या चाचणीसाठी १० ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर पुरतो. त्यातून अर्धा अँपिअर वाहतो.

१२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून स्थिर १२ व्होल्ट मागू नका

ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, आणि ती नीट हिशोब केल्याशिवाय लक्षात येत नाही. १२ व्होल्ट एसीचं शिखर, म्हणजे लाटेचा सर्वांत वरचा बिंदू, सुमारे १७ व्होल्ट असतं. लोडवर ब्रिजमधले दोन डायोड मिळून जवळपास २ व्होल्ट खातात, म्हणजे कॅपॅसिटरवर उरले १५. दोन शिखरांच्या मधल्या वेळात लोडला कॅपॅसिटरच पुरवठा करतो, त्यामुळे त्याचं व्होल्टेज उतरत जातं. ५० हर्ट्झच्या मेन्सवर, म्हणजे घरातल्या विजेवर, कॅपॅसिटर सेकंदाला १०० वेळा परत भरतो. ०.६ अँपिअर लोड आणि २२०० मायक्रोफॅरड धरले, तर उतार साधारण २.७ व्होल्टचा. या उताराचा तळ आला १२.३ व्होल्टवर. एलएम३१७ला स्वतःसाठी २ ते २.५ व्होल्ट लागतात. म्हणजे स्वच्छ आउटपुट जेमतेम १० व्होल्टपर्यंत, तेही मेन्सचं व्होल्टेज पूर्ण असेल तेव्हा.

मल्टिमीटर इथे चकवतो. डीसी रेंजवर तो सरासरी दाखवतो, या उदाहरणात सुमारे १३.६. त्यावरून ११ व्होल्ट सहज निघतील असं वाटतं. पण तळ जिथे खाली जातो तिथे दर वेळी आउटपुटही खाली खेचलं जातं, आणि तीच घरघर. १२ व्होल्ट हवे असतील तर १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याच लोडवर मेन्स १० टक्के घसरलं तरी तो कसाबसा पुरतो.

ट्रान्सफॉर्मरवर १ अँपिअर लिहिलंय म्हणून १ अँपिअर डीसी मिळेल असंही धरू नका. कॅपॅसिटर शिखरापाशी छोट्या वेळात मोठा करंट ओढतो, त्यामुळे वाइंडिंग जास्त तापतं. ब्रिज आणि कॅपॅसिटर असलेल्या सप्लायमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या साधारण ६० टक्के डीसी घेणं सुरक्षित.

कॅपॅसिटरचं व्होल्टेज मात्र बिनलोडच्या स्थितीवरून ठरवायचं. १५ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर लोडशिवाय बराच जास्त देतो. मेन्सही वर असेल तर कॅपॅसिटरवर २५च्या पुढे जातं. तिथे २५ व्होल्टचा कॅपॅसिटर चालणार नाही, ३५चा घ्या. उलटा तर अजिबात लावू नका, तो फुटतो.

कमी व्होल्टेजला जास्त उष्णता

आउटपुट कमी केलं की सप्लायला आराम मिळतो असा समज आहे. घडतं उलट. इनपुट आणि आउटपुटमधला फरक गुणिले करंट, एवढी सगळी उष्णता आयसीत तयार होते. १५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर इनपुटची सरासरी १८ असताना १२ व्होल्ट, ०.६ अँपिअरला ती ३.६ वॅट होते. तोच करंट ५ व्होल्टला घेतला तर ७.८. टीओ-२२० आकाराची (पाठीला धातूचा पत्रा असलेली) आयसी हीटसिंकशिवाय उघडी ठेवली तर दर वॅटला सुमारे ५० अंश तापते. एक वॅटच्या पुढे हीटसिंक हवाच, आणि या उदाहरणासाठी तो ५ अंश प्रति वॅट किंवा त्याहून चांगला, म्हणजे कमी आकड्याचा, हवा. थोडा वेळ चालून आउटपुट पडतं, गार झाल्यावर परत येतं, असं होत असेल तर आयसी तापून स्वतःला वाचवते आहे. तिला दोष देऊ नका, हीटसिंक वाढवा.

आयसीचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, ग्राउंडला नव्हे. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटर आयसीचा पत्रा ग्राउंडला असतो, त्यामुळे तिची सवय असलेल्यांची इथे हमखास चूक होते. हीटसिंक धातूच्या डब्याला टेकला की आउटपुट शॉर्ट. मायका वॉशर आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश लावा, मग मीटरने तपासा. पिनाही वेगळ्या आहेत: छापील बाजू समोर धरली की डावीकडून ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट.

पॉट आणि त्याचा जोडीदार

अनेक सर्किटमध्ये आउटपुट आणि ॲडजस्ट पिनांमध्ये २४० ओहमचा रेझिस्टर दाखवतात; पॉट ॲडजस्ट आणि ग्राउंडमध्ये असतो. त्यातून फक्त ५ मिलिअँपिअर वाहतात, पण काही एलएम३१७ना स्थिर राहायला १० पर्यंत लागतात. लोड काढल्यावर आउटपुट आपोआप वर चढत असेल तर हेच कारण. १२० ओहम लावा. त्यासोबत १ किलोओहमचा पॉट कमाल ११.७ व्होल्ट देतो. १२ हवेच असतील तर १२०च्या जागी ११०. पॉट ५ किलोओहमचा लावलात तर पहिल्या पाचव्या भागातच सगळं काम संपतं आणि बारीक ॲडजस्टमेंट अशक्य होते.

पॉटची मधली पिन मोकळ्या टोकाला जोडून टाका. जुन्या पॉटचा संपर्क क्षणभर सुटला आणि ॲडजस्ट पिन लटकली, तर आउटपुट थेट इनपुटच्या जवळ उडी मारतं आणि जोडलेलं सर्किट जातं. ही जोडणी असेल तर ते ठरवलेल्या कमाल व्होल्टेजवरच थांबतं.

१२० ओहमचा रेझिस्टर आयसीच्या आउटपुट पिनेलाच सोल्डर करा. तो वायरच्या दुसऱ्या टोकाला लावला तर वायरमधली घट १० व्होल्टला आठपट होऊन दिसते. पॉटचं ग्राउंड मात्र लोडच्या ग्राउंडजवळ घ्या.

ब्रिजनंतरचा मोठा कॅपॅसिटर दूर असेल तर इनपुट पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. आउटपुटला मोठा कॅपॅसिटर असेल तर आउटपुटकडून इनपुटकडे एक १एन४००७ डायोड लावा, पट्टी इनपुटच्या बाजूला.

बिघाड शोधताना

मेन्सच्या बाजूला हात घालण्याआधी प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. फेजमध्ये फ्यूज, उघड्या जोडांवर स्लीव्ह, धातूच्या डब्याला अर्थ. यात सूट नाही.

मग लोड लावून आधी कॅपॅसिटरवरचं डीसी बघा, नंतर आउटपुट आणि ॲडजस्ट यांच्यामधलं. तिथे १.२५ असेल तर आयसी ठीक आहे. आउटपुट चुकत असेल तर पॉट आणि त्याचे जोड तपासा. १.२५पेक्षा कमी असेल तर इनपुट अपुरं आहे, आयसी तापली आहे किंवा लोड जास्त आहे. पॉट फिरवूनही आउटपुट इनपुटच्या जवळच अडकलं असेल तर पॉटची ग्राउंडची वायर सुटली आहे का बघा, नाहीतर आयसी आतून शॉर्ट झाली आहे. सतत १.२५च मिळत असेल तर ॲडजस्ट पिन ग्राउंडला टेकली आहे.

इनपुट भरपूर असूनही घरघर राहिली, तर ग्राउंडची वायर कुठून कुठे जाते ते पाहा. ब्रिजपासून कॅपॅसिटरपर्यंतच्या तुकड्यात चार्जिंगचे मोठे झटके वाहतात. आउटपुटचं ग्राउंड त्या तुकड्यावरून घेतलं असेल तर ते तिथून काढा आणि थेट कॅपॅसिटरच्या निगेटिव्ह पायाला सोल्डर करा.