परदेशी विद्यार्थ्यांना शहराशी जोडताना या चुका टाळा

पहिल्या आठवड्यात स्वागत समारंभ, शहरदर्शनाची बस, पत्रकांचा ढीग. पुढे वर्षभर शुकशुकाट. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. त्या आठवड्यात मुलांचा जीव खोली, बँक खातं आणि सिमकार्डात अडकलेला असतो. संग्रहालयाचा इतिहास डोक्यात शिरणार कसा? अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडला. सहा महिन्यांहून कमी किंवा अठरा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांच्या तुलनेत मधल्या मुदतीचे लोक त्यात कमी रुळलेले आढळले. मधल्या काळातली ही घसरण सरसकट लागू पडत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. तरी निम्मे पैसे आणि निम्मे स्वयंसेवक पुढच्या महिन्यांसाठी राखून ठेवाच.

पहिल्या सहलीला गर्दी, दुसरीला चार टाळकी, अशी तक्रार असेल तर सहली वाढवू नका. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत यायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात, जिवलग मैत्रीला २०० हून अधिक. एका सहलीत यातले किती भरणार? त्यापेक्षा दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, त्याच माणसांशी भेट होऊ द्या: फुटबॉल, समूहगान, एखाद्या वाचनालयातलं स्वयंसेवी काम, काहीही. मात्र शहरातले लोक आधीपासून जिथे जमतात तिथेच मुलांना न्या. फक्त परदेशी मुलांसाठी काढलेला गट शहरात असूनही शहराबाहेरच राहतो.

‘ही मुलं आपल्याच देशवाल्यांत राहतात’ म्हणून कुरकुरणं तर सोडूनच द्या. ताप आला की मायबोलीत बोलणारं कुणी तरी लागतंच. ते गट फोडू नका, मिसळायला कारण द्या. दोन गटांतले पूर्वग्रह भेटीगाठींतून कमी व्हावेत यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितलेल्या अटी आजही उपयोगी आहेत: बरोबरीचं नातं, समान ध्येय, एकमेकांचं सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. परदेशी विद्यार्थ्याला एक स्थानिक विद्यार्थी जोडून देणारी सोबती योजना बहुधा पहिल्याच अटीवर आपटते. स्थानिक विद्यार्थी कायम मदत करणारा आणि परदेशी विद्यार्थी कायम घेणारा, यात मैत्री कुठून येणार? पाहुण्यालाही कामाला लावा. संघाचा कप्तान, छायाचित्रकार, हिशेब ठेवणारा, काही तरी करा त्याला.

शहरदर्शनातही मार्गदर्शकाच्या मागे रांग लावली की रस्ते कळत नाहीत. वसतिगृहाजवळच्या थांब्यावरून छोटे गट करून सोडा; तिकीट त्यांनीच काढावं, गाडी त्यांनीच बदलावी. पुढल्या खेपेस ती मुलं एकटी बाहेर पडतील. कार्यक्रम नेहमी रात्री आणि दारूच्या ठिकाणी असतील, तर काही मुलं न सांगता गळतात. वेळ आणि जागा बदलून पाहा.

सामूहिक ईमेलला उत्तर येत नसेल तर एकेकाला विचारा, ‘शनिवारी येशील का?’ आणि लांब सुट्टीचं वेळापत्रक आधीच पाहा. स्थानिक मुलं घरी गेली की वसतिगृह ओस पडतं, कार्यालयही बंद असतं. नेमक्या त्या दिवसांत एक खोली उघडी आणि एक माणूस हजर ठेवा.