शाळेच्या लॅबमध्ये ब्राउझरमधला पायथन : मांडणी, अडचणी आणि पेटंटची बाजू

जूनमध्ये गोव्यातल्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्यात इंटरनेट गेलं की बाहेरच्या साइटवर चालणारा प्रोग्रामिंगचा तास तिथेच थांबतो. म्हणून पायथनचा कन्सोल, म्हणजे कोड लिहिताच उत्तर दाखवणारी खिडकी, ब्राउझरमध्ये चालावा, पण त्याच्या सगळ्या फायली शाळेच्याच एका मशीनवर असाव्यात. आणि तो कोणाच्या तंत्रज्ञानावर आणि पेटंटवर उभा आहे हे आधीच तपासून घ्यावं, कारण इथे आधी लोक फसले आहेत.

ब्राउझरमध्ये पायथन चालवणं नवं नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या भागावर, आयर्नपायथन हा पायथनचा एक अवतार चालत असे. ते प्लगइन २००७ मध्ये आलं आणि १२ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचा आधार संपला. लिनक्ससाठी नॉव्हेल कंपनीने त्याच धर्तीचं मूनलाइट काढलं, पण मायक्रोसॉफ्टचं पेटंटविषयीचं अभय, म्हणजे दावा न लावण्याचं वचन, सुरुवातीला फक्त नॉव्हेलकडून मूनलाइट घेणाऱ्यांनाच होतं. तोच कोड दुसऱ्या कुणाकडून घेतला तर संरक्षण नाही. फेडोरा या लिनक्सच्या वितरणाने तो घेतलाच नाही. २००९ च्या शेवटी ते अभय इतर वितरणांच्या वापरकर्त्यांपर्यंत वाढवलं गेलं, पण तोवर विश्वास गेला होता आणि २०१२ मध्ये मूनलाइटचं काम थांबलं.

उलट बाजूचं उदाहरण इओलासचं. वेबपानात प्लगइन बसवण्याच्या पद्धतीवर या कंपनीचं अमेरिकन पेटंट होतं. २००३ मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला ५२ कोटी डॉलर्सहून अधिक भरपाई ठोठावली. २००६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये प्रत्येक प्लगइनवर आधी क्लिक करावं लागू लागलं, ते याच वादामुळे. २०१२ मध्ये टेक्ससच्या ज्यूरीने ते दावे अवैध ठरवले. म्हणजे धोका प्लॅटफॉर्मच्या मालकाकडूनच येतो असं नाही, तिऱ्हाईताकडूनही येतो.

आज निवड करायची तर पायोडाइड घ्या. तो म्हणजे वेबअसेम्ब्लीवर, ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या कोडच्या स्वरूपावर, चालणारा पायथन. वेबअसेम्ब्ली ५ डिसेंबर २०१९ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक आहे. तिथल्या नियमानुसार मानक घडवणाऱ्या गटातल्या सदस्यांना आपली आवश्यक पेटंट विनारॉयल्टी द्यावी लागतात. गटाबाहेरच्यांवर हे बंधन नाही, एवढी फट राहतेच.

आता मांडणी. पायोडाइडच्या गिटहबवरच्या रिलीज पानावरून पूर्ण वितरण उतरवा. ते २०० एमबीहून मोठं आहे, म्हणून हे काम पाऊस सुरू होण्याआधी, चांगल्या कनेक्शनवर उरकून घ्या. लहान ‘कोअर’ वितरणात आकडेमोडीची नमपाय, पांडाज ही पॅकेजेस नसतात. फाइल उलगडा, टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जा आणि पायथनचा स्वतःचा सर्व्हर सुरू करा: पायथन, मोकळी जागा, हायफन एम, मोकळी जागा, एचटीटीपी डॉट सर्व्हर, मोकळी जागा, ८०००. त्याच मशीनवर लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन), कोलन, ८००० या पत्त्यावर कन्सोलचं पान उघडून पाहा. फाइलवर डबल क्लिक करून चालणार नाही. थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारच्या फायली आणायला ब्राउझर मनाई करतो.

पान उघडलं की लगेच इंटरनेटची केबल काढा आणि पुन्हा उघडा. ही चाचणी टाळू नका. कन्सोलचं पान टर्मिनलचा दिसणारा भाग, म्हणजे जेक्वेरी वगैरे तयार जावास्क्रिप्ट फायली, बाहेरच्या साइटवरून मागवतं. त्यामुळे पायथन शाळेत असूनही पडदा कोरा राहतो. पान टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, एचटीटीपीएसने सुरू होणारे पत्ते शोधा, त्या फायली उतरवून त्याच फोल्डरात ठेवा आणि पत्त्याच्या जागी फक्त फाइलचं नाव लिहा. ब्राउझरची कॅशे (साठवलेल्या प्रती) पुसून मगच पुन्हा तपासा, नाहीतर जुनी प्रत फसवते.

मुलांच्या मशीनवर सर्व्हरचा आयपी, समजा १९२.१६८.१.१०, आणि पुढे कोलन, ८००० टाकायचं. उघडलं नाही तर बहुतेक वेळा विंडोज फायरवॉल अडवत असतो. पायथनला खाजगी नेटवर्कसाठी परवानगी द्या. पान अर्धवट येऊन ‘मॉड्यूल लोड झालं नाही’ असं दिसलं, तर सर्व्हरच्या विंडोज रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) जेएस, म्हणजे जावास्क्रिप्ट, फायलींचा प्रकार साधा मजकूर म्हणून नोंदलेला असू शकतो. तो दुरुस्त करा. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, म्हणून सर्वांत जुन्या मशीनवर आधी चालवून पाहा.

ज्युपिटरलाइट ही ब्राउझरमधली पायथनची वही दिसायला अधिक छान, पण त्याच्या फायली सर्व्हिस वर्करवर, म्हणजे पानामागे चालणाऱ्या ब्राउझरच्या एका सोयीवर, अवलंबून असतात आणि ब्राउझर ती साध्या एचटीटीपीवर फक्त लोकलहोस्टलाच देतो. लॅबमध्ये आयपीवरून उघडलं की मुलांच्या फायली पायथनला सापडत नाहीत. साध्या कन्सोलला ही अट नाही.

न संपणारा लूप लिहिला तर टॅब गोठतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून तो टॅब बंद करा. पान रिफ्रेश झालं किंवा वीज गेली तर लिहिलेलं सगळं जातं, कारण फायली मेमरीतच असतात. मुलांना कोड नोटपॅडमध्ये लिहून कन्सोलमध्ये पेस्ट करायची सवय पहिल्या तासापासून लावा. सर्व्हर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. एकच ठेवून उपयोग नाही.

मराठी मुलांसाठी दोन गोष्टी खास दाखवा. लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनला ‘म्हापसा’ दिलं तर उत्तर ७ येतं, अक्षरं तीन दिसत असूनही: म, हलन्त, ह, काना, प, स, काना. यातून युनिकोड, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो ती पद्धत, जितकं लवकर कळतं तितकं व्याख्येने कळत नाही. दुसरं, अवतरणात लिहिलेले ‘१२’ मजकुराची संख्या करणारं इंट फंक्शन बरोबर वाचतं, पण देवनागरी आकडे थेट कोडमध्ये टाकले तर चूक दाखवतं. मराठी कीबोर्ड चालू राहिल्यामुळे होणाऱ्या बऱ्याच चुका इथूनच येतात.

शेवटी परवाने. पायोडाइडला एमपीएल २.० (मोझिला पब्लिक लायसन्स) लागू आहे. त्यात योगदान देणाऱ्यांनी आपल्या पेटंटचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. अपाची २.० या दुसऱ्या मुक्त परवान्यातही तसं कलम आहे. एमआयटी परवान्यात पेटंटचा उल्लेखच नाही. भारतात पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(के) नुसार संगणक प्रोग्राम ‘पर से’, म्हणजे निव्वळ प्रोग्राम म्हणून, पेटंटयोग्य नाही, त्यामुळे शाळेने घाबरायचं कारण दिसत नाही. पण पर्वरीत किंवा मडगावात बसून कुणी हाच कन्सोल आपल्या उत्पादनात घालून अमेरिकेत विकणार असेल, तर तिथलं पेटंट तिथे लागू होतं. वकिलाला आधीच दाखवा. पायोडाइडच्या मूळ फायलींत बदल करून त्या वाटल्या तर बदललेल्या फायलींचा सोर्सही द्यावा लागतो. तुमच्या स्वतःच्या वेगळ्या फायलींना ते बंधन नाही. दुसऱ्या शाळेला पेनड्राइव्हवर फोल्डर देताना परवान्याची फाइल सोबत ठेवा, आणि बाहेरून उतरवलेल्या जेक्वेरी वगैरेंचे परवानेही.