शक्यता मोजताना या चुका टाळा, टॉसपासून पूररेषेपर्यंत

2023 च्या वर्ल्डकप फायनलपासून भारत वनडेत जो टॉस हरायला लागला तो सलग 20 वेळा हरला, मधे कॅप्टन बदलले तरी तेच, शेवटी डिसेंबर 2025 मध्ये विशाखापट्टणमला के. एल. राहुलने जिंकला एकदाचा. त्या काळात दर मॅचआधी कुणीतरी म्हणायचंच, "आज नक्की जिंकणार, किती वेळा हरतील?" ही सगळ्यात कॉमन चूक. मागच्या 20 निकालांचा पुढच्या टॉसशी काहीच संबंध नसतो, चान्स फिफ्टी-फिफ्टीच. याच भरवशावर लोक बेटिंग अ‍ॅपवर पैसे घालवतात म्हणून जोर देऊन सांगतोय.

दुसरे लोक याच्या बरोबर उलट चुकतात. "20 वेळा म्हणजे दहा लाखांत एक, काहीतरी सेटिंग आहे!" आकडा बरोबर आहे हो, 20 वेळा 2 मांडून सगळे एकमेकांशी गुणले की 10,48,576 येतात, पण तो लागू होतो कधी, तर हीच टीम आणि याच मॅचपासून असं तुम्ही आधी सांगून ठेवलं असेल तर. इथे सगळं घडून गेल्यावर आपलं लक्ष गेलं. जगात इतक्या टीम, इतकी वर्षं टॉस चाललेत, आणि सलग जिंकले असते तरी बातमी झालीच असती ना. कुठेतरी कुणाच्या तरी बाबतीत असं होण्याचा चान्स त्यामुळे खूपच जास्त असतो.

वर्गातल्या वाढदिवसांचंही तसंच. 23 जण असले तरी कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याचा चान्स 50 टक्क्यांच्या वर जातो, कारण 23 जणांच्या जोड्या 253 होतात. पण तुमच्याच तारखेचा कुणी हवा असेल तर तेवढ्याच चान्ससाठी 253 माणसं लागतील. त्यामुळे "कुणाला तरी" की "मला", हे आधी ठरवा, मग आकडा काढा.

आता जी चूक खरंच महागात पडते ती. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात, निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक ऐकतात आणि धरून चालतात की एकदा येऊन गेला म्हणजे आता पुढची 25 किंवा 100 वर्षं निवांत. अजिबात नाही. अर्थ एवढाच की निळ्या रेषेवर दरवर्षी 4 टक्के चान्स आणि लाल रेषेवर दरवर्षी 1 टक्का, मागच्या वर्षी पाणी आलं असलं तरी. 2019 ला सांगली-कोल्हापुरात महापूर आला आणि 2021 च्या जुलैत पुन्हा घराघरात पाणी शिरलं.

आणि 4 टक्के म्हणजे किरकोळ, असंही समजू नका. 20 वर्षांचं होम लोन असेल तर निळ्या रेषेवरच्या घरात तेवढ्या काळात निदान एकदा तरी पाणी यायचा चान्स जवळपास 56 टक्के होतो, म्हणजे टॉसपेक्षाही वाईट! लाल रेषेवरही 18 टक्के. शिवाय हे आकडे जुन्या नोंदींवरून काढलेले असतात, पाऊस बदलला की तेही बदलणार.

त्यामुळे नदीकाठी फ्लॅट घेताना बिल्डरच्या "इथे कधी पाणी आलं नाही" वर जाऊ नका, पाटबंधारे खात्यात किंवा महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा मागा, आणि घर वरच्या मजल्यावर असलं तरी मीटर रूम, पाण्याचा पंप आणि पार्किंग किती खाली आहे ते स्वतः जाऊन बघा.