टाटा कर, जेजे कर… आणि त्यापुढे?

घरी पाहुणे आले की बाळाची तोंडी परीक्षाच असते, टाटा कर, जेजे कर, नाक कुठाय दाखव. मजा येते, पण हे झालं ऑर्डरवर करून दाखवणं. बाळ स्वतःहून हाताने काही सांगायला लागलं पाहिजे, आणि त्यासाठी आपल्याला शिकवण्यापेक्षा थांबायला जास्त लागतं.

९ महिन्यांच्या आसपास बाळ 'घे ना' म्हणून हात वर करतं, मग वस्तू आणून देतं, वर्षाच्या आगेमागे टाटा आणि बोट दाखवणं.

उचलायला गेलात की लगेच उचलू नका. समोर बसा, दोन्ही हात पुढे करा, 'येतोस?' विचारा आणि मनात ५-६ आकडे मोजा. हे मोजणंच अवघड, आजीला तर अजिबात जमत नाही, बाळाने ओठ काढायच्या आधी वाटी हजर! खाऊचंही तेच, केळ्याचा एकच तुकडा द्यायचा, बाकीचं दिसेल पण हाताला लागणार नाही असं ठेवायचं. बाळ हात पुढे करेल किंवा नुसतं एकदा वाटीकडे, एकदा तुमच्याकडे बघेल, तेही चालेल, लगेच 'अजून केळं? घे' म्हणून द्या. रडेपर्यंत मात्र ताणू नका.

तुम्ही पण बोलताना हात वापरा, 'संपलं' म्हणताना दरवेळी रिकामे तळवे, 'गरम' म्हणताना हात झटकन मागे. तळहातावर बोट टेकवून मोराला चारा घालायचा आपला जुना खेळ बोट वेगळं काढायच्या प्रॅक्टिसला मस्त आहे.

आणि एक, गॅलरीतल्या कावळ्याकडे बोट दाखवणाऱ्या बाळाला कावळा नको असतो, तुम्ही बघायला हवे असता. तेव्हा फोनमधून मान वर काढा, कावळ्याकडे बघा, बाळाकडे बघा, 'अरे हो, काऊ आला' म्हणा.

हातवारे केले तर बोलायला उशीर होतो असं काही नसतं. पण वर्ष उलटलं तरी टाटा नाही, हात वर करणं नाही, बोट नाही, किंवा आधी करायचं ते बंद झालं, तर 'मुलगे उशिराच बोलतात' ऐकत बसू नका, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा आणि कानांची तपासणी करायची का तेही विचारा.