याकोबाचा धडा घरच्या प्रार्थनासभेत कसा घ्यावा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बायबल असतात. दोन्ही जवळ ठेवा. शाळेत कन्नड शिकलेली पोरं त्यातूनच भराभर वाचतात.

बायबलमधल्या उत्पत्ति पुस्तकाचा अध्याय २७ अख्खा वाचा, तुकडे नकोत. त्यात याकोब थोरल्या भावाचं, एसावाचं, सोंग घेऊन आंधळ्या बापाकडून, इसहाकाकडून, आशीर्वाद मिळवतो. मग विचारा: इसहाकाने काय काय तपासलं? आवाज ऐकला, हात चाचपले, जेवण चाखलं, कपड्यांचा वास घेतला. आवाज याकोबाचाच होता. तेवढं सोडून बाकी सगळ्यावर म्हातारा भुलला. याकोबाच्या हातांवर बांधलेल्या करडाच्या कातड्याचा खरखरीतपणा आपल्याकडे सांगावा लागत नाही.

लगेच ३७:३१ (अध्याय ३७, वचन ३१) काढा. याकोबाची मुलं भाऊ योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाला दाखवतात. तिथेही बकराच, तिथेही कपडा. फसणारा बाप मात्र आता याकोब. मुलं म्हणतात, ‘ओळखा’. २७:२३ मध्ये इसहाकाने ‘ओळखलं नाही’, त्यातलाच हिब्रू धातू इथे आहे. ३८:२५ मध्ये तामार तोच शब्द सासऱ्याच्या, त्याच मुलांतल्या यहूदाच्या, तोंडावर फेकते. खरा वेळ इथे द्या.

राहेलसाठी मामा लाबानाकडे केलेल्या चाकरीची ७ अधिक ७ वर्षं झटपट उरका, सर्वांना पाठ असतात.

चूक होते ती हे सोंग रचणाऱ्या आईला, रिबकेला, खलनायिका करण्यात. २५:२३ (थोरला धाकट्याची सेवा करील, असं देव तिला मुलांच्या जन्माआधीच सांगतो) आधी वाचलं नाही की ती होतेच. ‘थोडे दिवस’ म्हणून तिने लाबानाकडे धाडलेला मुलगा २० वर्षं परतला नाही. मायलेकांची पुन्हा भेट उत्पत्तीत कुठेच नाही.