तणनाशक मारताय? किडनी जपा, घेटुळीच्या काढ्यावर विसंबू नका

मृगाच्या सरी पडल्या की खानापूर-नंदगडच्या बांधांवर आणि निपाणी-चिकोडीकडच्या उसात तण एकदम उसळतं. भांगलणीला माणसं मिळत नाहीत, मग पाठीवर पंप चढतो. त्याच तणात घेटुळी असते, म्हणजे वैद्यांची पुनर्नवा. 'फवारून आलं की तिचा काढा घ्यायचा, किडनी साफ होते' असं सांगणारे भेटतात. त्या भरवशावर राहू नका.

पुनर्नवा, गोखरू, वायवर्णा यांच्या अर्कांवर संशोधन झालंय, हे खरं. जेंटामायसिन किंवा सिस्प्लॅटिनसारखी किडनीला घातक औषधं उंदरांना देऊन सोबत अर्क दिला, तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की वाढणारा टाकाऊ पदार्थ, कमी वाढलेलं दिसलं. बेळगावातच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. या कामाचं मोल मोठं आहे. पण प्रयोगात अर्क मोजून देतात, तोही बहुधा विषाच्या आधी किंवा बरोबर. घरच्या काढ्यात काय किती उतरलं हे कुणाला कळणार? माणसाच्या विषबाधेवर तो उपाय म्हणून सिद्ध झालेला नाही.

पॅराक्वाट या तणनाशकाची गोष्ट तर फार गंभीर. त्याला उतारा नाही. ते शरीराबाहेर पडतं किडनीतूनच; ती बिघडली की विष आत साठतं आणि फुफ्फुसं जातात. एक घोटही जीव घेतो. म्हणून ते थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. नोझल तोंडाने फुंकू नका. हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी पंप दुसऱ्याकडे द्या. टाकी गळून पाठ भिजली तर काम तिथंच थांबवा, कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा. पोटात गेल्याची शंका आली तरी काढा, दूध काही न देता १०८ ला फोन करा आणि डबा लेबलसकट दवाखान्यात न्या.

अजून एक, ज्याकडे कुणी लक्ष देत नाही. दिवसभर घामाघूम होऊन, पाणी न पिता काम करायचं आणि रात्री अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी घ्यायची. ही सवय किडनीला बाधते. बांधावर पाण्याची कळशी हवीच.

मुळ्या गोळा करणाऱ्यांनी फवारलेल्या बांधावरची घेटुळी घेऊ नये. विकायची असेल तर न फवारलेला तुकडा वेगळा राखा. तिच्यासारखाच दिसणारा मांसल पानांचा विषखापरा उसात भरपूर असतो, तो मिसळू देऊ नका. खानापूरच्या रानातली सापसंद ही वेल तर पोटात घेऊच नका. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात तिच्याच कुळातली वनस्पती गेली आणि शंभरावर जणांच्या, बहुतेक बायकांच्या, किडन्यांना इजा झाली.

पायावर सूज, लघवी कमी किंवा फेसाळ दिसली तर क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्या. किडनी आधीच अधू असेल तर पुनर्नवाही डॉक्टरांना विचारूनच, कारण तिच्यात पोटॅशियम भरपूर असतं.